विश्लेषण : खाणीतल्या डंपरचा कार्बन मोजणे सोपे, मग तो कागदावर का दिसत नाही?

वागळे इस्टेटच्या रस्त्यांवर खडी, मुरूम आणि काँक्रीट वाहणारी अवजड वाहने नेहमीच दिसतात. प्रत्येकाकडे वैध पीयूसी प्रमाणपत्र असणे कायद्याने बंधनकारक आहे. ते असले की त्या वाहनाच्या प्रदूषणाचा हिशेब झाला, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात डिझेल वाहनाच्या पीयूसी चाचणीत कार्बन डायऑक्साइड मोजलाच जात नाही. रस्त्यावरच्या वाहनांची ही स्थिती, तर चंद्रपूर, वणी, उमरेडच्या खुल्या कोळसा खाणींतून कधीही बाहेर न पडणाऱ्या महाकाय डंपरचे काय? त्यांचे उत्सर्जन मोजण्याची पद्धत सोपी आहे. अडचण आहे ती हा आकडा कोणी आणि कोणाच्या नावावर लिहायचा याची. खाणींतील डंपर एलएनजी आणि विजेवर नेण्याच्या हालचाली सुरू असताना हा हिशेब महत्त्वाचा ठरतो.

पीयूसी नेमके काय मोजते?

डिझेल वाहनाच्या पीयूसी चाचणीत इंजिन जागच्या जागी झटक्याने रेझ केले जाते आणि धुराड्यातून निघणाऱ्या धुराचा दाटपणा स्मोक मीटरने पाहिला जातो. धुरातून जाताना प्रकाश किती अडतो, त्यावरून आकडा ठरतो. बीएस-४ वाहनांसाठी ही मर्यादा प्रतिमीटर १.६२, तर बीएस-६ वाहनांसाठी ०.७ आहे. ही चाचणी काजळीची आहे. कार्बन डायऑक्साइड हा रंगहीन वायू असल्याने तो या यंत्राला दिसत नाही. स्वच्छ जळणाऱ्या इंजिनातून काळा धूर कमी निघतो, पण डिझेलमधला जवळपास सगळा कार्बन तरीही कार्बन डायऑक्साइड होऊनच बाहेर पडतो. त्यामुळे पीयूसीत उत्तम ठरलेला डंपर हवामानाच्या दृष्टीने उत्तम असेलच असे नाही.

खाणीतल्या डंपरला तर अनेकदा पीयूसीचाही प्रश्न येत नाही. मोटार वाहन कायदा १९८८ मधील कलम २(२८) नुसार, केवळ कारखान्याच्या किंवा बंदिस्त आवाराच्या आत वापरण्यासाठी बनवलेली वाहने ‘मोटार वाहन’ या व्याख्येत बसत नाहीत. या व्याख्येवरून कर आणि नोंदणीचे वाद न्यायालयांतही गेले आहेत. बांधकाम यंत्रांसाठी वेगळे उत्सर्जन निकष आहेत आणि त्यांचा पाचवा टप्पा १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला. मात्र, त्यातही मर्यादा आहेत त्या नायट्रोजन ऑक्साइड, सूक्ष्म कण, हायड्रोकार्बन आणि कार्बन मोनॉक्साइड यांच्यावर.

मग कार्बन डायऑक्साइड कसा मोजतात?

डिझेलचे लिटर मोजून. एक लिटर डिझेलचे वजन साधारण ८३० ग्रॅम असते आणि त्यातील सुमारे ८६ टक्के, म्हणजे ७१४ ग्रॅम, कार्बन असतो. जळताना कार्बनचा प्रत्येक अणू हवेतील ऑक्सिजनचे दोन अणू घेतो. त्यामुळे १२ ग्रॅम कार्बनचा ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड होतो. या हिशेबाने एका लिटरमागे सुमारे २.६ किलो वायू तयार होतो. पाऊण-एक किलोच्या इंधनातून अडीच किलोहून अधिक वायू कसा, याचे उत्तर हेच. वाढीव वजन हवेतून घेतलेल्या ऑक्सिजनचे असते.

हवामान बदलविषयक आंतरसरकारी समितीने, म्हणजे आयपीसीसीने, दिलेले प्रमाण वापरले तरी आकडा लिटरमागे २.६५ किलोच्या आसपास येतो. इंजिन जुने की नवे, चालक कसा, चढ किती, या सगळ्यांचा परिणाम किती लिटर जळले यावर होतो. जळलेल्या एका लिटरमधून किती कार्बन डायऑक्साइड निघाला, हे मात्र जवळपास ठरलेलेच असते. म्हणूनच कंपन्यांच्या अहवालांत धुराड्याच्या मोजमापाऐवजी इंधनाच्या वापरावरून उत्सर्जन काढले जाते.

एक डंपर किती उत्सर्जन करतो?

समजा, १०० टन क्षमतेचा एक डंपर तासाला ६० लिटर डिझेल पितो, दिवसाला १६ तास आणि वर्षाला ३०० दिवस चालतो. दिवसाचे ९६० लिटर म्हणजे अडीच टन कार्बन डायऑक्साइड झाला. वर्षाचा आकडा ७६० टनांवर जातो. लिटरला १५ किलोमीटर देणारी आणि वर्षाला दहा हजार किलोमीटर धावणारी पेट्रोल मोटार वर्षाला सुमारे दीड टन उत्सर्जन करते. म्हणजे असा एक डंपर पाचशे मोटारींच्या बरोबरीचा ठरतो.

यात चढाचा वाटा मोठा असतो. १०० टन माल आणि सुमारे ७० टनांचा रिकामा डंपर, असे १७० टन वजन १०० मीटर वर आणायला इंजिनची कार्यक्षमता ३५ टक्के धरली तर जवळपास १३ लिटर डिझेल केवळ गुरुत्वाकर्षणाशी झुंजण्यात जाते. रस्त्याचे घर्षण आणि रिकामी फेरी वेगळी. खाण दरवर्षी खोल होत जाते. त्यामुळे व्यवस्थापनाने काटकसर करूनही टनामागे डिझेल वाढू शकते. दोन खाणींची तुलना ‘एक टन कोळशामागे किती उत्सर्जन’ या एकाच आकड्यावर केली, तर उथळ खाण आपोआप ‘हरित’ दिसते. माल किती, किती अंतर आणि किती उंचीवर नेला, हे तिन्ही आकडे सोबत असल्याशिवाय तुलना न्याय्य होत नाही.

देशाच्या पातळीवर हा आकडा किती मोठा आहे?

केंद्र सरकारने २०२१ मध्ये दिलेल्या माहितीनुसार, कोल इंडिया वर्षाला चार लाख किलोलीटरहून अधिक डिझेल वापरते आणि त्यावर साडेतीन हजार कोटी रुपयांपेक्षा जास्त खर्च होतो. कंपनीच्या खुल्या खाणींत अडीच हजारांहून अधिक डंपर असून एकूण डिझेलपैकी ६५ ते ७५ टक्के तेच वापरतात. लिटरमागे २.६५ किलोने हिशेब केला, तर एकूण डिझेलमधून वर्षाला साडेदहा लाख टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघतो. त्यात डंपरचा वाटा सात ते आठ लाख टनांचा असतो. नागपूरला मुख्यालय असलेली वेस्टर्न कोलफिल्ड्स ही याच कोल इंडियाची उपकंपनी आहे.

हा आकडा योग्य चौकटीत पाहायला हवा. कोल इंडियाचे २०२३-२४ मधील उत्पादन सुमारे ७७ कोटी टन होते. हा कोळसा वीज केंद्रांत आणि कारखान्यांत जळतो, तेव्हा टनामागे साधारण दीड टन कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे शंभर कोटी टनांहून अधिक. त्यापुढे खाणीतले डिझेल हजारात एक इतकेच भरते. म्हणून एखाद्या कोळसा खाणीने ‘शून्य उत्सर्जना’चा दावा केला, तर तो खाणीच्या कुंपणापुरता आहे की कोळशाच्या पूर्ण प्रवासाचा, हे आधी तपासावे लागते. मात्र, डिझेलचे उत्सर्जन प्रमाणाने लहान असले तरी ते कमी करणे पूर्णपणे खाणचालकाच्या हातात आहे आणि त्यातून हजारो कोटींच्या खर्चातही बचत होते.

डिझेलचे लिटर तरी नेमके मोजले जातात का?

खाणीतला डंपर पेट्रोल पंपावर जात नाही. डिझेलचा टँकर, म्हणजे बाउझर, त्याच्यापाशी येतो. हिशेब तीन ठिकाणी होऊ शकतो. पहिला, खरेदीची बिले आणि साठ्याची नोंद. सुरुवातीचा साठा अधिक खरेदी वजा शिल्लक म्हणजे वापर. दुसरा, बाउझरच्या मीटरवर प्रत्येक डंपरमागे होणारी नोंद. तिसरा, डंपरच्या टाकीतील सेन्सर किंवा इंजिनाच्या संगणकातून मिळणारा इंधन वापराचा आकडा. हे तीन आकडे एकमेकांशी जुळले, तर हिशेबावर विश्वास ठेवता येतो.

ते न जुळण्याची कारणे व्यवहारातली असतात. त्याच टाकीतून जनरेटर, पाणी उपसणारे पंप, एक्सकॅव्हेटर आणि डोझरही भरले जातात. काढून नेलेले डिझेल कागदावर डंपरने ‘जाळलेले’ दिसते. तापमानाचाही परिणाम होतो. डिझेलचे आकारमान दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.०८ टक्क्याने वाढते. डिझेलची घनता १५ अंशांवर सांगितली जाते. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर गेला की तेच वजन अडीच टक्के जास्त लिटर दाखवते. एका डंपरपुरता हा फरक क्षुल्लक आहे. चार लाख किलोलीटरच्या हिशेबात तो दहा हजार किलोलीटरचा होतो. म्हणून लिटरसोबत तापमान आणि घनता नोंदवणे, तसेच मीटरची नियमित पडताळणी करणे आवश्यक ठरते.

थेट धुराड्यातच यंत्र का बसवत नाहीत?

तशी यंत्रे आहेत. वाहनावर बसवता येणाऱ्या उत्सर्जन मापन संचाला पेम्स म्हणतात. त्यात अवरक्त किरणांच्या साहाय्याने वायूतील कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण आणि दुसऱ्या उपकरणाने धुराचा प्रवाह मोजला जातो. दोहोंच्या गुणाकारातून सेकंदागणिक उत्सर्जन मिळते. भारतात एप्रिल २०२३ पासून बीएस-६ च्या दुसऱ्या टप्प्यात प्रत्यक्ष रस्त्यावरील चाचणीसाठी हेच तंत्र वापरले जाते.

मात्र, हा संच महागडा आणि नाजूक असतो. खाणीतली धूळ, हादरे आणि उष्णता सोसत तो वर्षभर चालवणे व्यवहार्य नाही. एकूण बेरीज डिझेलच्या लिटरवरून त्याहून स्वस्तात मिळते. पेम्सचा खरा उपयोग डिझेल कुठे जाते हे शोधण्यासाठी आहे. चढावर किती, एक्सकॅव्हेटरसमोर रांगेत इंजिन सुरू ठेवून उभे राहण्यात किती, हे त्यातून कळते. ही रांग कमी करणे हा उत्सर्जन घटवण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग ठरू शकतो.

एका बाबतीत मात्र लिटरचा हिशेब अपुरा पडतो, ती म्हणजे एलएनजी. कोल इंडियाने गेल आणि बीईएमएल यांच्यासह २०२१ मध्ये ओडिशातील महानदी कोलफिल्ड्समध्ये १०० टनी दोन डंपरवर डिझेल आणि एलएनजी मिळून वापरण्याचा प्रायोगिक प्रकल्प हाती घेतला. यातून ३० ते ४० टक्के डिझेल वाचण्याची अपेक्षा व्यक्त झाली होती. तितक्याच ऊर्जेसाठी एलएनजीमधून सुमारे २४ टक्के कमी कार्बन डायऑक्साइड निघतो. पण एलएनजी म्हणजे प्रामुख्याने मिथेन. तो शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापमानवाढ करतो. वापरलेल्या गॅसपैकी तीन टक्क्यांच्या आसपास गॅस न जळता धुराड्यातून सुटला, तर सगळा फायदा पुसला जातो. हे टाकीवरच्या मीटरला कळत नाही. त्यासाठी धुराड्यातच मोजावे लागते.

उत्सर्जन कोणाच्या खात्यात लिहायचे?

खरा गुंता इथे आहे. जगभर वापरल्या जाणाऱ्या हरितगृह वायू हिशेबपद्धतीत तीन गट आहेत. कंपनीच्या स्वतःच्या यंत्रांतून निघालेले उत्सर्जन ‘स्कोप १’, विकत घेतलेल्या विजेचे ‘स्कोप २’ आणि पुरवठादार, कंत्राटदार, ग्राहक यांच्याकडचे ‘स्कोप ३’. बाजारमूल्यानुसार पहिल्या एक हजार सूचिबद्ध कंपन्यांना सेबीने २०२२-२३ पासून शाश्वतता अहवाल बंधनकारक केला. त्यात स्कोप १ आणि २ द्यावे लागतात. स्कोप ३ ऐच्छिक आहे.

आता कोळसा खाणीत काय होते ते पाहू. कोळशावरची माती आणि खडक, म्हणजे ओव्हरबर्डन, हटवण्याचे मोठे काम कंत्राटी यंत्रसामग्रीवर होते. खाणीच्या मालकीचा डंपर चालला, तर त्याचे डिझेल स्कोप १ मध्ये येते. तेच काम कंत्राटदाराच्या डंपरने केले, तर कंपनीने हिशेबाची हद्द कशी आखली आहे त्यानुसार ते स्कोप ३ मध्ये जाऊ शकते, म्हणजे कदाचित कुठेच नाही. खड्डा तोच, चढ तोच, डिझेलही तितकेच. तरी कागदावरचे उत्सर्जन घटलेले दिसते. त्यामुळे एखाद्या खाण कंपनीच्या अहवालात स्कोप १ कमी झाल्याचे वाचताना, कंत्राटी कामाचा वाटा त्याच काळात किती वाढला हा प्रश्न विचारायलाच हवा.

नियमांच्या चौकटीतही हे उत्सर्जन निसटते. केंद्राने जून २०२३ मध्ये अधिसूचित केलेल्या कार्बन क्रेडिट व्यापार योजनेत पोलाद, सिमेंट, ॲल्युमिनियम अशा उद्योगांचा विचार झाला. कोळसा खाणकाम त्या यादीत नाही. युरोपीय महासंघाच्या सीमा कार्बन शुल्काच्या हिशेबातही वाहतुकीची फिरती यंत्रे वगळलेली आहेत.

विजेवरचे डंपर आले की प्रश्न सुटेल?

याचे उत्तर खाणीच्या आकारावर आणि विजेच्या स्रोतावर अवलंबून आहे. एक लिटर डिझेलमधून प्रत्यक्ष कामासाठी साधारण साडेतीन युनिट ऊर्जा मिळते. तेवढेच काम बॅटरीवर करायला, चार्जिंग आणि मोटरमधील घट धरून, ग्रिडमधून चारेक युनिट घ्यावी लागतात. देशाच्या ग्रिडमधील एका युनिटमागे सरासरी सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे चार युनिटमागे २.८ किलो. डिझेलच्या २.६५ किलोपेक्षा हे कमी नाही. उभे असताना मोटर वीज खात नाही आणि उतारावर ब्रेक लावताना काही ऊर्जा परत मिळते, हा फायदा धरला तरी कोळशाच्या विजेवर खोल खाणीतला डंपर चालवून मोठी घट होत नाही. चंद्रपुरात तर २,९२० मेगावॉटचे औष्णिक वीज केंद्र शेजारीच आहे. तिथे चार्जिंगची वीज सौर प्रकल्पातून येते का, हाच कळीचा मुद्दा ठरेल.

गडचिरोलीतील सुरजागडचे चित्र वेगळे आहे. तिथले लोहखनिज डोंगरावर आहे आणि भरलेले वाहन खाली उतरते. अशा ठिकाणी विजेवरचा ट्रक उतरताना बॅटरी भरून घेऊ शकतो आणि रिकामा वर चढू शकतो. तिथे विजेवरचे ट्रक आले आहेत. हेडरी ते कोनसरी अशी सुमारे ८५ किलोमीटरची स्लरी वाहिनीही जुलै २०२५ मध्ये सुरू झाली. तंत्र एकच असले तरी डोंगरावरची खाण आणि खड्ड्यातली खाण यांचे उत्तर एकच येत नाही. हे ठरवायला आधीच्या डिझेलचा विश्वासार्ह हिशेब हाताशी असावा लागतो.

ठाण्यासाठी याचा अर्थ काय?

ठाणे जिल्ह्यात कोळसा खाणी नाहीत, पण दगडखाणी, क्रशर आणि काँक्रीट प्रकल्प आहेत. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या ११.८ किलोमीटरच्या ठाणे-बोरिवली जोड बोगद्यासारख्या कामातून निघणारा दगड-मातीचा राडारोडाही डंपरच वाहतात. गणित तेच आहे. समजा, चार ब्रास खडी घेऊन एक डंपर ३० किलोमीटर आला आणि रिकामा परत गेला. लिटरला तीन किलोमीटर धरले, तर २० लिटर डिझेल आणि ५३ किलो कार्बन डायऑक्साइड. ब्रासमागे सुमारे १३ किलो. वाहतूक कोंडीत अडकलेला प्रत्येक तास यात भर घालतो.

विशेष म्हणजे या हिशेबाला लागणारी बरीच माहिती सरकारकडे येण्याची सोय आहे. गौण खनिजाच्या वाहतुकीसाठी ऑनलाइन परवाना लागतो आणि वाहनांना जीपीएस लावून ती राज्याच्या ‘महाखनिज’ प्रणालीशी जोडण्याची तरतूद आहे. हेतू रॉयल्टीची चोरी रोखण्याचा आहे. पण किती ब्रास, कुठून कुठे, किती फेऱ्या, हीच माहिती उत्सर्जनाच्या हिशेबालाही लागते. त्यात डिझेलच्या लिटरचा एक रकाना वाढवला, तर वागळे इस्टेटमध्येच प्रादेशिक कार्यालय असलेल्या महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळालाही तो पडताळता येईल.

रहिवाशांनी मात्र दोन गोष्टींची गल्लत करू नये. घशाला त्रास देते ती धूळ, काजळी आणि नायट्रोजन ऑक्साइड. कार्बन डायऑक्साइडचा परिणाम साऱ्या पृथ्वीच्या तापमानावर होतो. विजेवरचा डंपर परिसरातला धूर नक्की घटवेल, पण टायरखालून आणि उघड्या मालातून उडणारी धूळ तशीच राहील. त्यासाठी ताडपत्री, पाण्याची फवारणी आणि चांगला रस्ताच लागतो. कार्बनसाठी लागतो तो डिझेलचा प्रामाणिक हिशेब, डंपर मालकाचा असो की कंत्राटदाराचा.